हाकेवरचं माहेर

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. नदीच्या अल्याड माहेर आणि पल्याड सासर. वैशाखात मधलं पाणी गुडघ्याएवढं. "हाई काय लगीन शे? वऱ्हाड पाय धुईसन संध्याकाये घर येई जाई," असं माझी चुलती म्हणाली आणि अख्खा मांडव हसला. मला राग आला होता. माझ्याबरोबरीच्या पोरी अमळनेरला, चोपड्याला गाडीत बसून सासरी गेल्या, आणि मी मात्र शालूचा ओचा हातात धरून, ओल्या वाळूत पाय रुतवत गेले. नवरदेवाचा एक जोडा त्या दिवशी नदीत वाहून गेला. त्यावरूनही वर्षभर थट्टा चालली.

ते सुख होतं हे कळायला थोडे दिवस लागले. सकाळी माझी माय धुणं घेऊन नदीवर आली की तिकडून लांब हाक मारायची. नाव घ्यायची नाही, लेकीच्या सासरसमोर उगाच कशाला म्हणून. नुसती "ओऽऽ" अशी एक आरोळी. मी हातातलं काम टाकून घराच्या मागच्या ओट्यावर यायची आणि तसाच "ओ" द्यायची. एवढ्यावर तिला सगळं कळायचं. माझा आवाज मोकळा असला की ती धुणं आपटून निघून जायची. आवाज बारीक आला की दुपारी ताकाचं निमित्त करून नदी उतरून यायची, आणि माझ्याशी न बोलता माझ्या सासूशीच गप्पा मारत बसायची. हाकेवरचं माहेर म्हणतात ते मी असं पाहिलं. लोक ती नुसती बोलण्याची रीत समजतात.

सासूला घरात सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायची. तिच्या जिभेला हाड नाही असं गाव म्हणायचं. मला वाटायचं, जिभेच्या जागी हाडच आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर ती तसं सांगायची नाही. "औंदा समुद्र आटना वाटस," म्हणायची आणि ताट सरकवायची. मी काही कमी तोंडाची नव्हते, पण सुनेनं गिळायचं असतं. मी वर्षभर गिळायची आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट पाहायची.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात हे सगळ्यांना माहीत आहे. झोके, सांजोऱ्या, आमरस, गौराईची गाणी, आणि पुरुष चावडीपुढे पत्ते कुटत बसलेले. पण आमच्या दोन गावांचं वेगळं एक होतं. दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला दोन्हीकडच्या बायका आपापल्या काठाला येत आणि मग शिव्यांची लढाई सुरू होई. इकडून एक, तिकडून एक. पाण्यात पाय टाकायचा नाही. खडे मारायचे ते पाण्यातच मारायचे, समोरच्यांच्या लुगड्यावर शिंतोडे उडाले पाहिजेत. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हसायचं नाही. जी बाजू आधी हसली ती हरली. हरलेल्यांनी नदी उतरून जायचं आणि जिंकणाऱ्यांच्या हातच्या सांजोऱ्या खायच्या.

लेक माहेरच्या बाजूनं उभी राहायची. म्हणजे मी माझ्या मायजवळ आणि समोर पल्याड अक्का. वर्षभराचं गिळलेलं मी त्या दिवशी बाहेर काढायची. "पल्याडनी अक्का, तुना गावना कोंबडा दुपारले आरवस! तुना गावनी म्हैस दुधना बदल्ये घाम देस!" अक्काही कंबर कसून ओरडायची, "तुनी मायनी तुले काय शिकाडं? भाकर थापाले सांगी तं उंबरठा थापस!" माझी माय मधेच तोंड घालायची, कारण तिला विहिणीशी भांडायची हौस माझ्याहून मोठी. दोघी अशा काही रंगायच्या की बाकीच्या बायका गप्प राहून ऐकत. नाकाडोळ्यांवरून सुरू होऊन सात पिढ्यांपर्यंत जायच्या. चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायच्या नाहीत. आमच्याकडं गावोगाव फिरणारा मन्यार चाचा, सासरच्या गावचाच, तो दोन्ही काठांना बांगड्या भरायचा, आणि हातवारे करताना फुटलेल्या बांगड्यांवर त्याचा दुसरा धंदा व्हायचा. "तुम लोगा खूप भांडो, मना पोरंसले कपडा येतीन," म्हणायचा. शेवटी कुणीतरी नवी सून फिसकन हसायची आणि सगळं संपायचं. दुसऱ्या दिवशी मी सासरी परतले की अक्का काहीच झालं नाही अशा तोंडानं म्हणायची, "उनी का? चुलाले पोतारा दे."

धरण आधीपासून होतं. मी परकरी असताना खाली दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत ते बांधलं. बेलदार आले, त्यांची गाढवं आली, चुन्याच्या घाण्याचा कर्र कर्र आवाज वारा असला की गावापर्यंत यायचा. आमच्याकडचे गडी दगड वाहायला गेले आणि चार आणे चढे मिळतात म्हणून खुशीत होते. आपल्याच गावाकडं पाणी ढकलायला आपण दगड उचलतोय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. भिंत झाली आणि पावसाळ्यात पाणी मागं फुगत आमच्या दारापर्यंत आलं. नदीतल्या टरबुजांच्या वाड्या गेल्या, खालची काळी जमीन गेली, उताराची वाट गेली. हिवाळाभर डोंग्यातून, छोट्या होडीतून, जावं लागे. पण वैशाख आला की पाणी हटायचं, मधली धार उघडी पडायची, आणि आम्ही आखाजीला काठावर हजर. पात्र थोडं रुंद झालं होतं तेवढं. बायका म्हणाल्या, बरं झालं, गळे तरी सुधारतील.

मग त्या भिंतीवर सरकारचं समाधान होईना. माझ्या लग्नाला दोन-तीन आखाज्या झाल्या असतील, तेव्हा भिंत उंच करायची असं ठरलं. खाली धुळ्याच्या बाजूच्या माळांना पाट काढायचे होते, त्यांना पाणी पुरत नव्हतं. ओव्हरसियर दुर्बीण घेऊन आला आणि दोन्ही गावांत चुन्याच्या पट्ट्या मारून गेला, की पाणी इथपर्यंत येणार. माझ्या माहेरी पट्टी मारुतीच्या देवळाच्या कळसाखाली होती. सासरी ती आमच्या घराच्या धाब्याच्या, मातीच्या छताच्या, वर, निंबाच्या खोडावर होती. मी अंगणात भांडी घासताना वर पाहायची आणि पाणी डोक्यावरून जाणार म्हणजे कसं, याचा विचार करायची. मान अवघडायची. जेवणात लक्ष लागेना.

ती दोन वर्षं काढायला नको होती असं अजून वाटतं. पाणी येणार हे नक्की. कधी, ते कुणी सांगेना. धाबं गळायला लागलं तरी माती टाकायची की नाही? विहिरीचा गाळ काढायचा की नाही? माझ्या दिराला मुली सांगून येत आणि मुलीचा बाप निंबावरची पट्टी पाहून पाणीसुद्धा न पिता उठून जाई. अक्का पेरणीच्या दिवसांत रोज नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारायची, "तूर पेरानी का?" तूर यायला आठ महिने लागतात. मग ती बियाण्याचं गाडगं काढायची, झाकायची, पुन्हा काढायची. आम्हा सगळ्यांचं असंच. कशात जीव थारेना. मला एकच गोष्ट हवी होती आणि ती मी देवाला रोज सांगायची. घर जाऊ दे, निंब जाऊ दे, कुठंही नेऊन टाका, पण मायची हाक ऐकू येईल एवढ्यावर टाका.

आणि तसं होणारही होतं. धुळ्याच्या बाजूला एक मोठा माळ सरकारनं दोन्ही गावांना दाखवला होता. मधून एक ओढा गेलेला, पावसाळ्यात वाहणारा. दोन्ही गावचे म्हातारे जाऊन पाहून आले. ओढ्याच्या अल्याड एक गाव बसेल, पल्याड एक, असं त्यांनी तिथंच काठ्यांनी जमिनीवर रेघा मारून वाटून घेतलं. आबा, म्हणजे माझे वडील, तिथून आले आणि नदी उतरून मला सांगायला आले. "वढा बारीक शे," म्हणाले, "आते तुनी मायले वरडनं बी नही पडाव. खोकली तरी तुले ऐकू येई." मी त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवले.

वसाहतीचं काम पाहणारा साहेब आखाजीलाच आला. पुण्याकडचा होता. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक त्याला शिव्या देतात. त्याचा तंबू माझ्या माहेरच्या काठावर आमराईत पडला होता. सकाळी तो बाहेर आला तर नदीच्या दोन्ही अंगांना बायकांची गर्दी, आरडाओरडा, खडे उडताहेत, बांगड्या फुटताहेत. एक बाई दुसरीच्या बापाचं तेरावं घालते आहे. पुरुष एकही नाही. ते चावडीपुढे पत्त्यांत. साहेब धावत आला. मी मायच्या शेजारीच उभी होते. त्याच्या बुटात वाळू गेली होती आणि तो एका पायावर उभा राहून ती झटकत होता.

"काय चाललंय हे? बाई, एवढं भांडण कशावरून?" त्यानं मायला विचारलं.

आता लढाई ऐन रंगात आलेली. पल्याड अक्का कमरेवर हात ठेवून पाहत होती. मायच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन बसलं होतं, मला ते दिसत होतं, आणि हसली की हरली. तिनं ओठ घट्ट आवळले, डोळे वटारले आणि म्हणाली, "आमनं-त्यासनं जनमनं वैर शे, साहेब. त्यासनं तोंड देखनं बी पाप शे."

"जन्माचं वैर?"

"जनमनं! इचारा त्यासले!"

साहेबानं खरंच पल्याड ओरडून विचारलं. अक्का ती संधी सोडते होय? "पानी बी एक घाटवर नही पेतस आम्हीन!" ती ओरडली, आणि तिच्या मागच्या सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "नही पेतस!" इकडूनही "नही पेतस!" झालं. माझ्या पोटात हसण्यानं कळ आली होती. मी खाली मान घालून पायाचा अंगठा दाबून धरला होता. साहेब डोक्यावरची टोपी नीट करून तंबूकडं गेला. त्या वर्षी कुणीच हसलं नाही. बरोबरी झाली असं म्हणून दोन्हीकडच्या बायकांनी पाण्याच्या मधे येऊन सांजोऱ्या वाटून खाल्ल्या, आणि साहेबाच्या बुटातल्या वाळूवरून पोट धरधरून हसल्या. साहेब तेव्हा तंबूत होता. ते त्यानं पाहिलं नाही.

दिवाळीनंतर हुकूम आला. सासरचं गाव धुळ्याकडच्या माळावर. माहेरचं गाव पूर्व खानदेशात, जळगावच्या पलीकडं, नशिराबादच्याही पुढं.

आधी सगळ्यांना वाटलं, काहीतरी चूक झाली. दोन्ही गावचे पुरुष मिळून विचारायला गेले तेव्हा कारण समजलं. अशी हाडवैराची दोन गावं एका माळावर बसवली तर रोज डोकी फुटतील आणि सरकारच्या नावानं खडे फोडतील. म्हणून साहेबानं मुद्दाम खटपट करून दुसरी जागा शोधली होती. त्याच्या मते त्यानं आमच्यावर उपकार केले होते. पुरुषांनी सांगितलं, ते वैर खरं नव्हे, ते आखाजीचं वैर. साहेब म्हणाला, वैर आखाजीचं आणि दिवाळीचं वेगळं असतं का? पुरुषांना ते सांगता येईना. त्यांनी कधी ती लढाई धड पाहिलीच नव्हती. घरी येऊन त्यांनी बायकांवर तोंडसुख घेतलं. आबा मायशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. माय सकाळी धुणं घेऊन यायची, हाक मारायची नाही. मी ओट्यावर येऊन तिष्ठत उभी राहायची आणि ती मान खाली घालून लुगडी आपटत राहायची, जणू त्या लुगड्यांनीच काही केलं होतं.

मग एका सकाळी अक्कानं चुलीवरचा तवा उतरवला आणि मला म्हणाली, "तुनी मायले बलाव. धुये जानं शे."

अक्का, माय आणि मी, अशा आम्ही तिघी बैलगाडीनं धुळ्याला कचेरीत गेलो. हाकायला दीर. वाटेत दोघी विहिणींनी ठरवलं होतं काय बोलायचं ते. माय म्हणत होती, आपण हात धरून उभ्या राहू म्हणजे साहेबाला दिसेल. कचेरीच्या ओसरीवर दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि मग आत घेतलं. साहेबानं मायला ओळखलं. "बोला," म्हणाला.

"आमले एक जागे ठेवा, साहेब," माय म्हणाली. "आमनं काही वैर नही."

"थांब ना," अक्का म्हणाली, "मी मोठी शे. आधी मी सांगसू."

"तू सांगशी तं व्हई गयं! तूच तं त्या दिन 'पानी नही पेतस' करी वरडनी."

"मी वरडनी? आन जनमनं वैर कोन म्हने? मन्ही सासू?"

"आसं इचारं तं काय सांगू मंग? हासू का? तू तं वाटच देखी राह्यनी व्हती!"

"तुले हारानं व्हतं ना, हारती! एक डाव तुनाकडतून हारायनं नही, बठ्ठं गाव बुडाई दिन्हं!"

दोघींचे आवाज चढले. हात धरायचे राहिले. मायच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंड चालूच होतं. अक्काचं नाक लाल झालेलं. मी मधे पडून साहेबाला सांगायला लागले की, अहो, हे भांडण नाही. ते ऐकायला तो राहिलाच नाही. त्यानं हातातला टाक खाली ठेवला, शेजारच्या कारकुनाकडं पाहून मान हलवली आणि आम्हाला जायला सांगितलं. कुणाला दोष द्यावा? मी तिथं असते तर, म्हणजे साहेबाच्या खुर्चीत, तर मीही तेच समजले असते. परतीच्या वाटेवर दोघी एका गोधडीखाली बसून आल्या, एकमेकींना टेकून.

पुढची आखाजी शेवटची. पावसाळ्याच्या आत दोन्ही गावं उठणार होती. निम्म्या घरांच्या चौकटी निघाल्या होत्या, धाब्यांची लाकडं गाड्यांवर चढलेली. तरी बायका काठावर आल्या. गौराई बोळवल्या आणि उभ्या राहिल्या. कुणाला शिवी सुचेना. मन्यार चाचा बांगड्यांची पेटी न उघडता मधल्या वाळूवर बसून होता. शेवटी अक्काच ओरडली. काय ओरडली ते नीटसं ऐकू आलं नाही. आवाज फाटला होता. मायनं काहीतरी उत्तर दिलं. पाण्यात दोन-चार खडे पडले. त्या दिवशी दोन्ही काठांना हरायचं होतं, कुणीतरी हसलं असतं तर सगळ्याच धावत मधे गेल्या असत्या. पण हसू कुणालाच आलं नाही. ऊन चढलं तशा बायका एकेक करून मागं फिरल्या.

माहेरच्या गाड्या आमच्या आधी आठ-पंधरा दिवस निघाल्या. मी सकाळी ओट्यावर येऊन बसले होते. माय रिकाम्या हातांनी नदीवर आली, धुणं नव्हतं, आणि तिनं हाक मारली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी "ओ" दिला. ती गाडीत जाऊन बसली. गाड्या टेकाडावर चढल्या तेव्हा तिथून पुन्हा हाक आली, मी पुन्हा ओ दिला. मग आणखी लांबून. मी निंबाच्या बुंध्यावर चढले, चुन्याच्या पट्टीपाशी, म्हणजे जास्त लांबचं ऐकू येईल. एक हाक आली की नाही, मला नक्की कळलं नाही, कावळा असेल. मी तरी ओ दिला. खाली अक्का उभी होती. तिनं मला उतर म्हटलं नाही.

माळावरची घरं उभी राहिली. जमीन वाईट नव्हती, पाट आला तशी पिकायलाही लागली. लोक लागले आपापल्या कामाला. माझंच चित्त ठिकाणावर येईना. भाकरी थापता थापता मला हाक ऐकू यायची आणि मी पिठाचे हात घेऊन मागच्या दारी जायची. समोर तूर. कुणी नाही. नवरा म्हणायचा, कानात वारं भरलंय. गाडीबैलानं अमळनेर, तिथून आगगाडीनं जळगाव, पुढं पुन्हा बैलगाडी, असं माहेर झालं होतं. वर्षाआड आखाजीला जाणं व्हायचं आणि तेही कुणी न्यायला आलं तर. माय तिथं खंगत गेली. मी गेले की माझ्या अंगावरून हात फिरवायची आणि अक्कानं काय काय शिव्या दिल्या असतील ते विचारायची. मी तिच्या समाधानासाठी बनवून सांगायची.

एका हिवाळ्यात मन्यार चाचा आमच्या दारी आला. म्हातारा झाला होता, तरी दोन्ही वसाहतींच्या बायकांना बांगड्या भरायला एवढा फेरा घालायचा. त्यानं पेटी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता अक्काला म्हणाला, "पोरले धाडी द्या. तिनी माय काही धड नही." मी त्याच दिवशी निघाले. पोहोचले तेव्हा घरासमोर पुरुषांच्या डोक्यांचे गोटे दिसले. आदल्या दिवशीच दहावं झालं होतं.

शेजारची एक बाई, तिथल्याच मूळ गावची, मला धीर द्यायला बसली होती. म्हणाली, तुझी आई रोज सकाळी घरामागं येऊन हाक मारायची. आम्हाला पहिल्यांदा वाटलं, म्हशीला हाक मारते. मग कळलं, यांच्याकडं म्हैस नाही. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, भिंतीला धरून धरून यायची. मी त्या बाईच्या अंगावर ओरडले. तिनं काय केलं होतं? पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

त्यानंतरच्या आखाजीला मी घरीच होते. गल्लीतल्या सुना माहेरी गेलेल्या, गावच्या लेकी आलेल्या, झोक्यांची गाणी चाललेली. मी ती ऐकू येऊ नयेत म्हणून जातं ओढत बसले, दळायची गरज नसताना उगाच ज्वारी घेऊन. दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत अक्का आली. तिला आता काठीशिवाय चालवत नव्हतं. जात्याच्या खुंट्यावर काठी ठेवून म्हणाली, "ऊठ. चाल."

"कोठे?"

"चाल म्हनी ना."

ती मला शिवाराच्या पाटावर घेऊन गेली. धरणाचं पाणी त्यातून चाललं होतं, गढूळ, संथ. आमच्या घरांवरून, मारुतीच्या कळसाखालून, निंबाच्या खोडाशेजारून आलेलं पाणी. पलीकडं जायला एक फळी टाकलेली होती. अक्का काठी टेकून अल्याड उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू पल्याड जाय. तुनी मायना जागे उभी ऱ्हाय."

तिनं काठीनं फळी दाखवली. मी गेले. पाट केवढा तो, दोन पावलांत ओलांडावा एवढा. समोर अक्का, तिच्या मागं केळीचा नवा बाग आणि भर उन्हात कुणी चिटपाखरू नाही. तिनं वाकून एक ढेकूळ उचललं, ते पाण्यात मारलं, माझ्या लुगड्यावर चार थेंब उडाले, आणि म्हातारी कंबरेवर हात ठेवून ओरडली, "ओ पल्याडनी इहीन! मरानं व्हतं तं सांगीसन मरती! कोनशी भांडू मी आते? तुना गावना कोंबडा बी आते आरवस नही!"

ती थांबून होती. उत्तराशिवाय पुढची शिवी देता येत नाही, तसा नियमच आहे. मी एक खडा उचलला, पाण्यात टाकला आणि मायच्या आवाजात, तिच्यासारखेच डोळे वटारून, ओरडले, "जनमनं वैर शे तुनं-मनं, अक्का! तुनी भाजी खारी! तुनी म्हैस घाम देस!"

अक्काचा चेहरा हलला. हसते की रडते ते इतक्या जवळूनही मला कळेना. तिनं तोंडावर पदर दाबून धरला, मग पदर काढला, पुन्हा ढेकूळ शोधायला वाकली आणि खालूनच मला दटावलं, "हासू नको हां. हारशी."

मी हसले नाही. हसले असते तर खेळ संपला असता.